टोकनचं गाणं

आमच्या घरात शिवणाची दोन मशीनं होती आणि त्या दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही. पुढच्या खोलीत, जिला आम्ही दुकान म्हणत असू, तिथे वडिलांचं मशीन होतं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा पँटी आणि सफारी शिवायचे, आणि त्यांचं मशीन त्यांच्यासारखंच थांबत थांबत, विचार करत चालायचं. आतल्या खोलीत आईचं मशीन होतं. ती ब्लाउज शिवायची आणि भांडायला निघाल्यासारखी पायडल मारायची. सकाळी दोन्ही सुरू झाली की घरात कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, म्हणून आम्ही सगळे जन्मभर ओरडूनच बोललो. राजाजीनगरातल्या त्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांत, आमचा आवाज सगळ्यांत मोठा म्हणून ओळखला जायचा. बाकीचे कन्नड बोलायचे, आम्ही मराठी. पण आमचं मराठी असं, बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणणाऱ्या, की पुण्याहून लग्नाला आलेल्या एका पाहुणीने आईला विचारलं होतं, "तुम्ही कुठली भाषा बोलता हो?" आई तिला म्हणाली, "स्वल्प बसा, जेवा, मग कळतंय."

न्याहारीला उप्पीट, दुपारी भात आणि हुळीची आंबट आमटी, रविवारी नाचणीच्या उकडीचे गोळे, म्हणजे रागीचे मुद्दे, आणि सणाला मात्र पुरणपोळीच, कारण तिथे आमचं मराठीपण जागं व्हायचं. या सगळ्यावर दिवसभर एक तिसरा आवाज असायचा, तो माझ्या धाकट्या भावाचा, गिरीचा. गिरी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याला हिप-हॉप झालं होतं. झालं होतं असंच म्हणावं लागतं, कारण आईने त्याच्यावर मिरच्या ओवाळल्या होत्या. त्याचा मित्र आरोक्य चर्चमागे राहायचा आणि आरोक्यचा मामा बोटीवर कामाला होता. तो मामा परदेशातून कॅसेटी आणायचा. त्या कॅसेटींत कुणी गातच नसे. एक माणूस तालावर भराभर बोलत सुटायचा, रागावलेला, मध्येच हसणारा. गिरी आणि आरोक्य त्या ऐकून ऐकून झिजवायचे आणि एकेक शब्द उतरवून घ्यायचे. अण्णा विचारायचे, "हा माणूस कुणावर चिडलाय रे?" गिरी म्हणायचा, "पोलिसांवर, घरमालकावर, सगळ्यांवर." घरमालकाचं ऐकून अण्णा जरा लक्ष देऊ लागायचे.

मी गिरीपेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि माझ्या मते फारच शहाणी. मला पत्रकार व्हायचं होतं. आमच्या भागात एक चार पानी कन्नड साप्ताहिक निघायचं. त्यात दोन पानं कल्याणमंटपांच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलांच्या, आणि साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, एक पान भविष्य आणि वाढदिवस, आणि उरलेल्या पानावर जग. संपादक मूर्ती सर एकटेच ते चालवायचे. संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी त्यांच्याकडे जायची. गटार फुटलं, दिवा गेला, बस येत नाही, अशा बातम्या लिहायची. आज हसू येतं, पण पहिल्यांदा माझी गटाराची बातमी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी खरंच माणसं झाकण घेऊन आली, तेव्हा मी त्या झाकणाशेजारी अर्धा तास उभी होते. एवढा आनंद मला नंतर मोठमोठ्या बातम्यांनीही दिला नाही.

गौरीचा सण जवळ आला की आईकडे झुंबड उडायची. आमच्या शेजारच्या खोलीत शांताक्का राहायची. ती आमच्याच नात्यातली, नवरा गेलेला, एक मुलगी शाळेत. ती औद्योगिक वसाहतीतल्या एका कपड्याच्या फॅक्टरीत शिलाईला होती. सकाळी फॅक्टरीची व्हॅन यायची आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका गिळून निघून जायची. त्या वर्षी शांताक्का ब्लाउजचं माप द्यायला आली. आई टेप लावणार, मी आकडे लिहिणार, अशी आमची पद्धत होती. आईने टेप गुंडाळला आणि थांबली.

"काय गे शांते, गेल्या गौरीपेक्षा केवढी उतरलीस! जेवतीस का नाही?"

"जेवतोय की वैनी."

"सुमे, तिला पाणी दे आधी. ओठ बघ कसे झालेत."

मी तांब्या पुढे केला. शांताक्काने हात हलवला. "नको गे. दिवसाचं पाणी प्यायची सवय मोडलीय माझी."

"असली कसली सवय?" आई म्हणाली.

शांताक्का आधी दाराकडे बघून आली, मग हळू बोलली. "टोकन असतंय वैनी. आमच्या लाइनीला, मशीनांच्या अख्ख्या रांगेला, एकच. सुपरवायझरच्या टेबलापाशी खिळ्याला अडकवलेलं. ते खिळ्यावर दिसलं तरच उठायचं, बाथरूमला जायचं, येऊन परत अडकवायचं. दुसरीने नेलं असलं तर बसून राहायचं. आणि नेलं की तो घड्याळ बघत बसतोय. मग कोण पाणी पितंय? आम्ही कुणीच पीत नाही. जळजळ होते, ताप येतो, पण पीत नाही."

आईच्या हातातून टेप सुटला. बाहेर अण्णांचं मशीन चालू होतं, म्हणून बरं. मला काय झालं ते सांगते. मला राग आला, खूप आला, पण त्याच्याही आधी अंगावर काटा आला की ही बातमी आहे. माझी पहिली खरी बातमी, गटाराच्या पलीकडची. चांगुलपणा आणि हाव एकाच क्षणी मनात उठू शकतात हे मला तेव्हा कळलं, आणि या धंद्यात पुढे ती दोघं कायम जोडीनेच भेटली.

पुढच्या आठवड्यात मी आईच्या खोलीतून हललेच नाही. त्या फॅक्टरीतली जी बाई माप द्यायला येई तिला आई काही न विचारता पाणी पुढे करायची, आणि मग ती बाई स्वतःच बोलायची. बाई माप देताना मोकळी होते, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. हात वर केलेले, अंगाभोवती टेप, समोर दुसरी बाई, दार लोटलेलं. अशा वेळी ती नवऱ्याबद्दल बोलते, सासूबद्दल बोलते, आणि त्या आठवड्यात सगळ्या टोकनबद्दल बोलल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच. आणि शेवटी सगळ्यांचं वाक्यही एकच, "पण माझं नाव नको हं."

मी फॅक्टरीच्या गेटवर गेले. कारण मूर्ती सरांनी शिकवलं होतं की ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. वॉचमनने आत फोन केला आणि खुद्द मॅनेजर बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मला म्हणाले, "टोकन? आमच्याकडे असलं काही नाही. कोण म्हणालं तुला? नाव सांग, मी आत्ता चौकशी करतो." मी म्हटलं, नाव नाही सांगणार. ते हसले आणि म्हणाले, "मग कॉलेजात जा, अभ्यास कर." परत येताना बसमध्ये मी दात खात होते.

मूर्ती सरांनी बातमी वाचली, चष्मा काढला, पुसला. "सुमा, खरी आहे. मला दिसतंय खरी आहे. पण नाव कुठं आहे? ते नाही म्हणतात, तू हो म्हणतेस. एका बाईचं नाव दे, मी पहिल्या पानावर लावतो." मी म्हटलं, नाव दिलं तर ती उद्या घरी बसेल. ते म्हणाले, "आणि नाव नसेल तर मी कोर्टात बसेन." ते भित्रे नव्हते. पूर्वी एकदा अशाच बिननावाच्या तक्रारीपायी त्यांना नोटीस आली होती आणि छापखान्याला कुलूप लागायची वेळ आली होती. मला ते सगळं माहीत होतं आणि तरी मी त्यांच्याशी भांडले. त्यांनी बातमी घडी घालून माझ्या हातात परत दिली.

घरी येऊन मी शांताक्काच्या खोलीत गेले. ती पोरीची वेणी घालत होती. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "नाव मागितलं ना? सुमे, मी तुझ्या पाया पडतो. ही नोकरी गेली तर हिची शाळा गेली. टोकन असू दे. आम्ही काढू दिवस." तिच्या पोरीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी उठून आले आणि आमच्या न्हाणीत जाऊन रडले.

तिथेच गिरीने मला गाठलं. त्याने दार वाजवलं, त्यातही ताल धरून. मी ओरडले. तो बाहेरूनच बोलायला लागला. "अक्का, ऐक ना. त्या कॅसेटीतली माणसं काय करतात माहितीय? त्यांच्या गल्लीत काय चाललंय ते त्यांच्या पेपरात येतच नाही. कुणी विचारतच नाही त्यांना. म्हणून ते तालावर सांगतात. ती बातमीच आहे अक्का, फक्त पळणारी. तुझी बातमी मला दे. आपण ती म्हणू."

"कुठे म्हणणार? न्हाणीत?"

"गणपतीत! ऑर्केस्ट्रात!"

मी दार उघडलं. गौरी-गणेशाला आमच्या गल्लीच्या मंडपात दरवर्षी ऑर्केस्ट्रा व्हायचा. बंगळुरात गणपती म्हणजे ऑर्केस्ट्रा, हे ज्याने तिथे बालपण काढलं त्याला सांगावं लागत नाही. एक जाडा गायक, एक चकचकीत साडीतली गायिका, सिनेमाची गाणी, आणि मध्ये जेवायला सुट्टी. त्या सुट्टीत गल्लीतली पोरं स्टेजवर चढून नाच, नकला, जादूचे प्रयोग करायची. गिरीने आणि आरोक्यने आधीच मंडळाच्या अध्यक्षांकडून दहा मिनिटं मिळवली होती. "मॉडर्न डान्स" असं सांगून.

मग सुरू झाला आमचा खरा तमाशा. बातमीचं गाणं करायचं कसं? गिरीला यमक हवं होतं आणि मला खरं हवं होतं. त्याने लिहिलं, "शंभर बाया रडतात." मी खोडलं. म्हटलं, तू मोजल्यास? रडताना पाहिलंस? तो म्हणाला, अक्का, हे गाणं आहे. मी म्हटलं, असेल, पण माझ्या हातून जातंय. त्याने लिहिलं की शर्ट विमानात बसून परदेशी जातो. मी शांताक्काला विचारून आले. ती म्हणाली, विमान कसलं, बोटीने जातात, खोक्यांवर लिहिलेलं असतंय. गिरीचं विमान गेलं आणि त्याबरोबर सुंदर यमकही गेलं, म्हणून तो दोन तास माझ्याशी बोलला नाही. आरोक्य बिचारा मध्ये बसून दोघांचं ऐकायचा आणि आईने दिलेलं चित्रान्न खायचा. आज गिरीची मुलगी एचएसआर लेआउटमध्ये राहते, फोनवरच गाणी करते, आणि मला म्हणते, "अत्ते, तू फॅक्ट-चेकिंग करत होतीस!" आम्हाला शब्द ठाऊक नव्हता. आम्ही त्याला भांडण म्हणत होतो.

शेवटी जमलं. गाणं कन्नडमध्ये होतं. मराठीत सांगायचं तर असं काहीतरी: "कॉलर मी लावली, कफ मी लावला, शर्ट निघाला बोटीत बसून, मला मात्र कोपऱ्यात जायला, खिळ्याकडे बघायचं मान मोडून." आणि प्रत्येक कडव्यानंतर एकच ओळ, जी कुणालाही म्हणता येईल, "टोकन् कोडी सार, टोकन् कोडी!" टोकन द्या साहेब, टोकन द्या. ती ओळ आरोक्यची. आम्ही दोघं भांडत असताना त्याने ती सहज म्हटली आणि आमचं भांडण तिथेच मिटलं.

ताल कुठून आणायचा? ढोलक नको, गिरी म्हणाला, मशीनचा हवा. त्याच्याकडे दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर होता. एका बाजूचा तुकडा दुसऱ्या बाजूला भरायचा, थांबवायचं, मागे न्यायचं, परत तोच तुकडा जोडायचा, असं करत करत चार मात्रांचा पाच मिनिटं चालणारा ताल व्हायचा. त्यासाठी तो अण्णांकडे गेला आणि म्हणाला, अण्णा, जरा मशीन चालवा, आवाज भरायचाय. अण्णांनी कात्री खाली ठेवली. "कापड न घालता? मोकळं मशीन चालवतात का कधी? घरात कटकट लागते."

"अहो, कटकट आधीच लागलीय," आई आतून ओरडली. "चालवा."

अण्णांनी चिंध्यांच्या पिशवीतून सफारीचा एक तुकडा काढला, सुईखाली सरकवला आणि मग चालवायला लागले. आपल्या संथ चालीने. गिरी म्हणाला, जरा जोरात. अण्णा म्हणाले, "मी जोरात चालवत नाही. जोरात पाहिजे तर आत जा." म्हणून कडव्याला अण्णांचं मशीन आणि ध्रुवपदाला आईचं, असं ठरलं. ती दोन मशीनं पहिल्यांदाच एकत्र चालली. तो तुकडा मी इतक्यांदा ऐकला की आजही कुठे पायडलचा आवाज आला की माझी टाच हलायला लागते.

पण एक गोष्ट राहिली होती, आणि तीच मोठी होती. शांताक्का. तिला विचारल्याशिवाय मी काहीही होऊ देणार नव्हते. आम्ही तिघं तिच्या खोलीत गेलो आणि गिरीने हळू आवाजात सगळं म्हणून दाखवलं. तिची पोर तोंडावर हात दाबून हसत होती. शांताक्काने मान खाली घालून ऐकलं.

"फॅक्टरीचं नाव आहे त्यात?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"आमची नावं?"

"एकही नाही."

"कुणी विचारलं तर?"

"मी सांगणार नाही. कुणालाही नाही. मॅनेजरने विचारलं तेव्हा सांगितलं का?"

तिने पोरीला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मंडपात मॅनेजर येतोय. माहितीय ना? लाइटिंग त्यांच्या फॅक्टरीने दिलंय. प्रमुख पाहुणा आहे तो." आम्हाला माहीत नव्हतं. गिरीचा चेहरा पडला. मी म्हणाले, मग नको, राहू दे. आणि तेव्हा शांताक्का पहिल्यांदा ताठ बसली. "राहू दे कशाला? त्याने ऐकावं म्हणूनच तर करालात ना? सरी, चालेल. म्हणा. मी पुढे बसतोय."

मंडपात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. निळे-लाल दिवे पळत होते, गणपतीमागे थर्माकोलचा हिमालय होता. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर अध्यक्ष, त्यांच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात मॅनेजर, आणि कडेला मूर्ती सर, कारण दरवर्षी ऑर्केस्ट्राचा फोटो छापला की मंडळ अंक विकत घ्यायचं. खुर्च्यांपुढे सतरंजीवर बायका. शांताक्का खरंच पुढे बसली होती, नव्या ब्लाउजमध्ये. ऑर्केस्ट्रावाले ताटं घेऊन स्टेजच्या कडेला जेवायला बसले आणि गिरी-आरोक्य वर चढले, अण्णांनी शिवलेल्या ढगळ पँटींत. त्या पँटी शिवताना अण्णा तीनदा म्हणाले होते की माप चुकलंय. मी स्टेजच्या पायरीवर कागद हातात घेऊन उभी होते, कुणी ओळ विसरलं तर सांगायला.

टेप सुरू झाला. अण्णांचं मशीन मंडपभर घुमू लागलं, टक, टक-टक, टक. लोकांना कळेना. गिरी बोलू लागला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अरे गा की, बडबडतोस काय!" सगळे हसले. गिरी थांबला नाही. पहिलं कडवं गेलं. आरोक्यने "टोकन् कोडी सार" म्हटलं, सतरंजीवरच्या पोरांनी लगेच ते उचललं. पोरांना अर्थाशी घेणं नव्हतं, मजा आली. पण सतरंजीवरच्या बायकांना अर्थ कळला. त्यांचं हसणं एकदम थांबलं आणि त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर टेपने कॅसेट गिळली. एक कर्कश ओरखडा आला आणि ताल बंद. गिरी तोंड उघडं ठेवून उभा. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ऑर्केस्ट्राचा पॅड वाजवणारा, हातात बिसी बेळे भाताचं ताट असलेला एक बारका माणूस, ताट खाली ठेवून आपल्या पॅडमागे गेला आणि अगदी तोच ताल वाजवू लागला. टक, टक-टक, टक. गिरीने माझ्याकडे पाहिलं. मी कागदावरून पुढची ओळ ओरडले. तो उचलून पुढे निघाला, आणि मीही कधी स्टेजवर चढले मला कळलं नाही. मी, जिला तालाचा गंधही नाही, ती माझी खोडलेली, तपासलेली बातमी भर मंडपात ओरडून सांगत होते. शेवटचं "टोकन् कोडी" बायकांनी म्हटलं. पोरांनी नाही, बायकांनी. किती जोरात! माझ्या पायाखालची फळी हलली. एवढा आनंद आणि एवढी भीती एकदम मला पुन्हा कधी वाटली नाही.

आणि मग अध्यक्ष उठले. त्या भल्या माणसाने गाण्याचा एक शब्द ऐकला नव्हता. ते भाताच्या व्यवस्थेत होते. पण आमच्याकडे पद्धत अशी की कार्यक्रम झाला की प्रमुख पाहुण्याने मुलांना बक्षीस द्यायचं आणि दोन शब्द बोलायचे. तशी त्यांनी मॅनेजरांच्या खांद्यावर शाल घातली, डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला आणि हातात माईक दिला. "आता आपले पाहुणे या मुलांविषयी दोन शब्द बोलतील."

मॅनेजरांनी स्टेजवर मला पाहिलं. गेटवरची मुलगी. त्यांनी खाली बसलेल्या बायका पाहिल्या. त्यांच्याच लाइनींतल्या. तोंड पांढरं पडलं. "मुलांनी छान केलं" एवढं म्हणून बसले असते तर काही झालं नसतं. फॅक्टरीचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. पण त्यांच्याने राहवलं नाही.

"या मुलांचा गैरसमज झालाय," ते म्हणाले. माईकमधून आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "आमच्या फॅक्टरीत टोकन शिक्षा म्हणून नाही. सगळ्या एकदम उठल्या तर लाइन थांबते. म्हणून एका लाइनीला एक टोकन. शिस्त आहे ती. प्रत्येकीचा नंबर येतो."

मग अगदी मागून एक बाई म्हणाली, "कधी येतो सार?"

मंडप फुटला. हसण्याने, शिट्यांनी, टाळ्यांनी. मूर्ती सर कडेच्या खुर्चीवरून उठले, गर्दीतून वाट काढत पायरीपर्यंत आले आणि माझ्या कानात ओरडले, "सुमा! नाव मिळालं!"

शनिवारी बातमी पहिल्या पानावर आली. फॅक्टरीचं नाव, मॅनेजरांचं नाव, त्यांचं बोलणं शब्दशः, आणि खाली माझं. एकाही कामगार बाईचं नाव नाही. फॅक्टरीचं आणि मॅनेजरांचं नाव तेव्हा छापलं होतं, म्हणून इथे परत लिहीत नाही. अंक दुपारीच संपला आणि सर परत छापखान्यात पळाले. गल्लीतली पोरं फॅक्टरीच्या व्हॅनमागे "टोकन् कोडी सार" म्हणत धावत होती. मी रस्त्यावरून उडत चालले होते. पण सोमवारी सकाळी, बातमी छापून आल्यावर पहिल्यांदाच, शांताक्का व्हॅनमध्ये चढली आणि माझं उडणं तिथेच थांबलं. मॅनेजरला नाव लागत नव्हतंच. त्याला फक्त आमची गल्ली कुठली हे माहीत असणं पुरेसं होतं. आईने एका ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली. अण्णा दर थोड्या वेळाने दुकानाच्या पायरीवर येऊन रस्ता बघत होते. गिरीने कॉलेज बुडवलं. त्या दिवशी कुणाचंच मशीन नीट चाललं नाही.

संध्याकाळी व्हॅन आली. एकेक बाई उतरू लागली. शांताक्का शेवटची उतरली. डबा हातात, चालणं नेहमीचं. चेहऱ्यावरून काही कळेना. ती सरळ आमच्या दारात आली. आम्ही चौघं उभे.

"खिळा काढला," ती म्हणाली. "सकाळी गेलो तर भिंतीत नुसतं भोक. सुपरवायझर म्हणाला, ज्याला जायचं त्याने जा."

"आणि तू?" आईने विचारलं. "तुला काही म्हणाले का गे?"

शांताक्काने डबा खाली ठेवला आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. एवढी हसली की भिंतीला टेकली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"कोण काय म्हणतंय वैनी? मी जागेवर सापडलो तर म्हणणार! दिवसभर उठून जात होतो. जायचं, दार लावायचं, स्वल्प उभं राहायचं, परत यायचं." तिने डोळे पुसले. "खरी गरज तर एकदाच होती गे."